अंबाडीची जुडी

गांजा हा शब्द आमच्या घरात कुणी काढत नसे. थोरले काका गावाबाहेरच्या मठात बैराग्यांच्या पंगतीला बसून चिलीम ओढायला लागले आणि एक दिवस त्यांच्याबरोबर निघूनच गेले. काकू दोन मुलींना घेऊन शेवटपर्यंत आमच्याकडे राहिल्या. त्यांच्यासमोर चुकून कुणी 'चिलीम' म्हटलं तर आई डोळे वटारायची. म्हणून दुबईत, अल कुसैसच्या ऑफिसात, चहाच्या वेळी, एका परदेशी माणसाच्या तोंडून हे दोन्ही शब्द एका दमात ऐकले तेव्हा माझ्या हातातला चहा ओढणीवर सांडला.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. आमची कंपनी बाहेरून फळं, भाज्या, गोठवलेलं सामान मागवायची. मी वरच्या मजल्यावर डॉक्युमेंटेशनला, म्हणजे दिवसभर टायपिंग. तो खालच्या कोल्ड स्टोअरची यंत्रं सांभाळायचा. जमैकाचा, आधी जहाजांवर काम केलेला, पंचेचाळीस-सत्तेचाळीसचा. डोक्यावर बारा महिने विणलेली भलीमोठी टोपी आणि टोपीखाली जटा. गोदामातले लोडर त्याला 'टोपीवाले भाई' म्हणायचे. तो मला 'सिस्टर' म्हणायचा. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत.

त्या दिवशी कुणीतरी त्याला जटांवरून छेडलं होतं. तो शांतपणे म्हणाला, मी रास्ताफारी आहे, केस न कापणं हे आमचं व्रत. मग त्या आगाऊ पोराने डोळा मारून पुढचं विचारलं, तर म्हणाला, आमच्याकडे गांजा प्रार्थनेला लागतो, चिलीम हातोहात फिरते, आधी देवाचं नाव घेतात.

"हे आमचे शब्द आहेत," मी ताडकन म्हणाले.

"माहीत आहे, सिस्टर. शब्द तुमचे आणि बीसुद्धा तुमचंच."

मग पुढचे कितीतरी दिवस चहाच्या वेळी तोच विषय. तो सांगायचा, गुलामगिरी संपल्यावर उसाचे मळे ओस पडायला लागले, म्हणून इंग्रजांनी हिंदुस्थानातून करारावर माणसं नेली. त्यांच्या बोचक्यांत गांजाचं बी गेलं, असं त्याच्याकडचे जुने लोक सांगत. दिवसभर ऊस तोडायचा आणि संध्याकाळी चिलीम. शेजारच्या झोपड्यांतली काळी माणसं ती त्यांच्याकडून शिकली, शब्दासकट. रास्ताफारी पंथ त्यानंतर कितीतरी वर्षांनी निघाला. त्या लोकांना गावात कुणी उभं करीना, म्हणून ते डोंगरात राहायला गेले, आणि झाड तिथे आधीच पोचलेलं होतं. मग एकेका डोंगराचं एकेक वाण झालं. एका वाणाला म्हणे 'कोकराची भाकर' म्हणतात. काही जण 'कोकराचा श्वास' म्हणतात, कारण इंग्रजीत भाकर आणि श्वास कानाला जवळजवळ सारखेच लागतात. खरं कुठलं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. आणि उत्तम मालाला तिथे 'काली' म्हणतात.

"काली म्हणजे देवी?" त्याने मला विचारलं.

"मला वाटतं कळी असेल," मी म्हटलं. "फुलायच्या आधीची." त्याने तो 'ळ' म्हणायचा इतका प्रयत्न केला की आम्ही दोघं हसून बेजार.

मी शेतकऱ्याची मुलगी. वाण म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. आमच्याकडे नदीकाठची ज्वारी निराळी, माळावरची निराळी. बी तेच, पण माती त्याला आपलं करून घेते. हे सगळं मला पटत होतं, आवडतही होतं, आणि तरी राग जाईना. एकदा मी म्हणालेच, "तुमच्याकडे ते देवाचं असेल. आमच्या काकूच्या आयुष्याचं त्याने वाटोळं केलं." त्याने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "सिस्टर, घर सोडून जाणारा माणूस झाडामुळे जात नाही." बाई गं, काय संतापले मी! दोन दिवस बोलले नाही त्याच्याशी.

त्याने एक गोष्ट मात्र स्वच्छ सांगितली होती. इथे उतरल्यापासून त्याने त्या वस्तूला हात लावलेला नव्हता. इथला कायदा त्याला माहीत होता, आणि त्याची बायको आणि सहा वर्षांची मुलगी पुढच्या महिन्यात यायची होती. चार वर्षं त्यांची ताटातूट. व्हिसा हातात आला त्या दिवशी त्याने टेबलाटेबलावर जाऊन तो कागद सगळ्यांना दाखवला. मुलीच्या खोलीला पिवळा रंग दिलाय म्हणून सांगताना त्याच्या नखांत रंग होता.

आता अंबाडीचं सांगते. शारजाच्या अल नहदामधल्या आमच्या फ्लॅटला वीतभर बाल्कनी होती. तिथे तुपाच्या रिकाम्या डब्यांत मी अंबाडी लावली होती, आईने रुमालाच्या गाठीत बांधून दिलेल्या बियांची. आमच्या अंबाडीचं पान पंजासारखं, पाच लांब बोटं आणि कडेला दाते. ज्वारीच्या कण्या घालून, वर लसणाची फोडणी देऊन भाजी केली की मला माहेरी गेल्यासारखं वाटायचं. एकदा डब्यातली भाजी त्याला चाखवली. तो लगेच म्हणाला, ही चव मला माहीत आहे, आमच्याकडे हिच्याच बहिणीच्या लाल बोंडांचं सरबत नाताळात करतात. मी म्हटलं, अहो, ती लाल अंबाडी! माझी हिरवी आहे, तिला तसली बोंडं येत नाहीत, पण पानं हवी तेवढी न्या. तो मांसमच्छी खात नसे, पंथातल्या रीतीप्रमाणे मीठसुद्धा घालत नसे. बिनमिठाची का होईना, खा म्हटलं. गुरुवारी सकाळी मी एक मोठी जुडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्याला दिली. त्याने ती पॅन्ट्रीतल्या फ्रिजमध्ये ठेवली आणि सगळ्यांसारखी स्वतःच्या नावाची चिठ्ठी चिकटवली.

माझ्या टाळक्यात तेव्हा काहीच आलं नाही. ज्या पानाची मी लहानपणापासून भाजी निवडली, ते पान दुसऱ्या कुणाला कसं दिसेल याचा मी का विचार करू?

अकराच्या सुमारास आमचे मॅनेजर दूध घ्यायला पॅन्ट्रीत गेले. बाहेर आले ते पांढरेफटक. पिशवी टिश्यू पेपरमध्ये धरलेली, अंगापासून लांब. "किसी को इसके बारे में कुछ पता है? अभी बोलो. बाद में सीधा पुलिस." पारदर्शक पिशवीतून माझी पानं दिसत होती. सकाळी मीच निवडली होती ती, पिवळी पडलेली काढून.

एक वाक्य होतं. सर, हा गांजा नाही, ही भाजी आहे, माझ्या घरची आहे. फार तर एक पान तोंडात टाकून चावून दाखवायचं, आंबट लागतं म्हणून. तोंड उघडलंही होतं मी. पण 'पुलिस' ऐकलं मात्र. बाल्कनीतले डबे दिसले, माझी मुलगी दिसली, नवऱ्याचा व्हिसा दिसला. आणि खरं सांगते, लाज वाटते तरी सांगते, मनात हेही आलं की नाहीतरी हे लोक ओढतातच, कुणी सांगावं. मी काय केलं? कीबोर्डकडे बघितलं.

त्याला खालून बोलावलं. केबिनचं दार बंद झालं. थोड्या वेळाने मॅनेजर पिशवी घेऊन बाथरूममध्ये गेले आणि फ्लशचा आवाज तीनदा आला. तेही घाबरले होते. ऑफिसात असलं काही सापडलं तर मालक त्यांनाच धरणार. तो बाहेर आला तेव्हा मी मान वर केली नाही.

तिकडे शुक्रवारी सुट्टी, गुरुवार अर्धा दिवस. मी दोन वाजता घरी पोचले, चप्पलसुद्धा न काढता बाल्कनीत गेले आणि एकेक रोप मुळासकट उपटलं. देठांच्या काट्यांनी हात ओरबाडले. कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत दाबून, गाठी मारून, सगळं जिन्यातल्या कचरा टाकायच्या शूटमधून खाली सोडलं. मातीसुद्धा. डब्यात उरलेलं बी बेसिनमध्ये ओतलं. मुलगी दारात उभी. "मम्मा, व्हॉट आर यू डूइंग? दॅट्स आवर भाजी!"

"कीड लागली होती," मी म्हणाले.

"बट देअर वॉज नो कीड." मी तिच्यावर ओरडले. तिच्यावर ओरडायचं काय कारण होतं?

नवरा आला, सगळं ऐकलं, रिकाम्या बाल्कनीकडे बघितलं आणि म्हणाला, "बरं केलंस. आपण यात पडायचं नाही." त्याच्या त्या 'बरं केलंस'ने माझं डोकं असं फिरलं! कुणी शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. शुक्रवारचा अख्खा दिवस मी घरात नुसती येरझाऱ्या घालत होते. संध्याकाळी त्याला म्हटलं, मी उद्या सांगणार आहे. तो म्हणाला, "दाखवणार काय?" तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली होती.

तशीच उठले आणि कुसैसमधल्या एका हैदराबादी दुकानात गेले. तिथे विमानाने आलेली अंबाडी मिळायची, ते तिला गोंगुरा म्हणतात. एक जुडी घेतली. शनिवारी सकाळी मॅनेजरच्या टेबलावर ठेवली आणि एका श्वासात सगळं सांगितलं. पिशवी माझी, पानं माझी, आमच्याकडे याची भाजी करतात. एक पान चावूनही दाखवलं.

त्यांनी जुडीतलं पान उलटसुलट केलं. रुंद पान, तीनच बोटांचं, दाते नावाला. "मॅडम, ये तो वो पत्ता ही नहीं है."

"सर, जात वेगळी आहे. माझ्या घरी होती..."

"तो घर से लाइए."

घरी आता नुसते रिकामे डबे होते. ते माझ्याकडे बघत राहिले. माझी खात्री आहे, त्यांना कळलं. माणूस वाईट नव्हता. जुडी माझ्याकडे सरकवून हळूच म्हणाले, "परसों आप यहीं थीं ना? परसों बोल देतीं तो मैं एक पत्ता चख लेता. अब खलास. उसने साइन कर दिया है, मालिक को मैंने बता दिया है. कंपनी ने पुलिस को नहीं बुलाया, यही बहुत है." राजीनामा, व्हिसा रद्द, रात्रीचं विमान. बायको-मुलीचे व्हिसा त्याच्याच व्हिसावर होते, तेही गेले.

मी खाली धावले. तो कोल्ड स्टोअरच्या बाहेर बसून आपली हत्यारं फडक्याने पुसून पेटीत लावत होता. कंपनीची एका बाजूला, स्वतःची एका बाजूला. मला बघून उठला, नेहमीसारखा. मी रडत-रडत काय काय बोलले ते आठवत नाही. झाडं उपटली तेही सांगितलं. मग विचारलं, "तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत? एक शब्द बोलला असतात तर मला यावंच लागलं असतं."

त्याने पाना पेटीत ठेवला.

"तीनदा विचारलं त्यांनी, कुणी दिलं म्हणून. तिन्ही वेळा मी दाराकडे बघितलं, सिस्टर. मला वाटलं, तुम्ही येताच आहात."

गाडीवाला बाहेरून "यल्ला, यल्ला" म्हणत चलायची घाई करत होता. त्याने पेटी उचलली, टोपी सारखी केली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून निघून गेला. मी वर आले. केबिनच्या दारापासून माझं टेबल मोजलं. सहा पावलं होती.