शिवेचा दगड आणि माझा डावा कान

आधीच सांगून टाकतो — इथले भुताखेतांचे अनुभव मी सकाळच्या चहासोबत करमणूक म्हणून वाचतो. आमची बायको सुनंदा घाबरते, मी हसतो. चौतीस वर्षं भूकरमापक म्हणून जमिनी मोजल्या. स्मशानाच्या हद्दी मोजल्यात, ओसाड पिंपळाखाली बसून डबे खाल्लेत. जे टेपने मोजता येत नाही ते नसतं, असं माझं साधं म्हणणं. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय... पण सुनंदा म्हणाली, "लोकांचं एवढं वाचता आणि खिदळता, आता स्वतःचं पण लिहा."

गोष्ट २०१७ च्या डिसेंबरातली. आमच्या वृषालीने इंग्लंडात नोकरी करता करता तिथलाच मुलगा पसंत केला. लग्न मात्र पनवेलला, आमच्या पद्धतीने. कानपिळीची वेळ आली. माझ्या पुतण्याने भावाचा मान म्हणून जावयाचा कान असा पिळला की पोरगं लालबुंद झालं. सगळे हसतायत, आणि आमचे व्याही एडमंड माझ्याजवळ येऊन गंभीरपणे विचारतात, "इथे गावाच्या हद्दीचा दगड आहे का?"

मला वाटलं, म्हाताऱ्याला आपलं ऊन बाधलं.

मग संध्याकाळी ओटीवर उलगडा झाला. एडमंड म्हणजे निवृत्त पोस्टमन. त्यांचं गाव सॅक्सन लोकांनी वसवलेलं — चौदाशे-पंधराशे वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून इंग्लंडात आलेल्या शेतकऱ्यांनी. तेव्हा नकाशे कुठले? म्हणून दरवर्षी सगळं गाव हद्दीवरून चालत जायचं, काठ्यांनी दगड बडवायचं, आणि प्रत्येक दगडाशी पोरांना आपटायचं किंवा चोपायचं. दुखलं की जागा जन्मभर लक्षात राहते. त्यांच्या गावात ही फेरी अजून निघते. एडमंड सातव्या वर्षी आपटले गेले होते. "तो दगड मी डोळे मिटून दाखवीन," म्हणाले. त्यांनी मोबाइलवर सॅक्सन राजांच्या काळच्या एका दानपत्राचा उतारा दाखवला — काटेरी झाडापासून ओढ्यापर्यंत, ओढ्यावरून जुन्या खड्ड्याकडे... मी मांडीवर थाप मारली. ही तर आपली चतुःसीमा. पूर्वेस ओहोळ, दक्षिणेस चिंच. जन्मभर हेच वाचत आलो की मी. राजे गेले, भाषा बदलली, पण त्यांच्या वारांच्या नावांत अजून जुने देव बसलेत आणि गावाची हद्द अजून पायांनी जिवंत आहे. माझं इंग्रजी मोडकं, त्यांचं मराठी 'पुरे' या एकाच शब्दाचं (तोही सुनंदाच्या वाढण्यामुळे गरजेपोटी शिकलेला). तरी आमची गट्टी जमली ती जमलीच.

आता सुनंदाचे थोरले भाऊ, हिराजीदादा. यांचं गाव उलव्याच्या बाजूला, विमानतळाच्या जागेत गेलेलं. घरं रिकामी होत होती, दादांची मुलंही उलव्यात भाड्याने राहायला गेली. दादा एकटे त्या घरात अडून बसलेले. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, दोन वेळचं जेवण मुलं डब्यातून पोचवायची. कारण एकच. त्यांच्या शिवेचा देव, म्हणजे हद्दीवरचा दगड, सापडत नव्हता. खाडीचा बंधारा फुटला त्या वर्षी तो चिखलाखाली गेला आणि मग पन्नास वर्षं कुणी विचारलं नाही.

"आदी देव जाईल, मंग मी," दादा म्हणायचे. "देव हितं टाकून नव्या घरात कसा निजू, सांगा."

लहानपणी त्यांच्या आज्याने त्या दगडाशी नेऊन त्यांचा कान पिळला होता, जागा लक्षात राहावी म्हणून. मी विचारलं, मग सांगा ना कुठे. दादा खाली बघत म्हणाले, "कान याद हाय दाजी. जागा नाय."

जुना गावनकाशा घेऊन मी तीनदा मोजलं, तीनदा खणलं. खेकडे निघाले. आठ दिवसांत त्या बाजूला भराव पडणार होता. सुनंदा रोज रात्री म्हणायची, "एवढी लोकांची शेतं मोजलीत, माझ्या भावाचा एक दगड सापडेना." असं जिव्हारी लागलं, काय सांगू.

एडमंडना सांगितलं तर म्हणाले, "मोजायचं कशाला? चालू या."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला गेलो. ओहोटी होती. दादा बंधाऱ्यावर बसले. एडमंड पुढे करंजाच्या काठीने जमीन ठोकत चाललेले, मागे मी, पाण्याच्या बाटल्या आणि फावडं घेऊन, धुसफुसत. म्हटलं, पोस्टमन हद्द शोधतोय आणि सर्व्हेअर हमाली करतोय.

आणि कुणीतरी माझा डावा कान धरला.

मुंगी नव्हे, वारा नव्हे. अंगठा आणि बोट, मध्ये पाळी, आणि सावकाश पीळ. अंगठा खरखरीत होता. डोळ्यांत पाणी आलं. पहिला संशय दादांवरच — आमच्या लग्नात माझा कान त्यांनीच पिळला होता. "दादा, हे काय वय आहे का," म्हणत वळलो, तर दादा शंभर पावलांवर विडी पेटवत बसलेले. एडमंड वीस पावलं पुढे, पाठमोरे. बाकी सपाट चिखल. झाड नाही, झुडूप नाही.

खरं सांगू, भीती वाटली नाही. गृहपाठ न करता वर्गात उभं राहिल्यासारखं वाटलं.

माझा आवाज ऐकून एडमंड हसत मागे आले, माझा कान बघितला आणि हसायचे थांबले. "हलू नका," म्हणाले, आणि माझ्या दोन पायांच्या मध्ये काठी रोवली. तिथेच आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी आळीपाळीने खणलं. गुडघाभर खोलीवर फावडं खणकन वाजलं. हातभर लांबीचा दगड, वरून गोल, खाचेत अजून शेंदूर.

दादा चिखलातून गुडघे ओढत आले. दगडावर हात ठेवून बसले. म्हटलं, आता माणूस आनंदाने रडेल. तर मान वर करून विचारतात, "कान कुनी धरला, दिसला काय?"

"नाही."

"मी वरीसभर हितं बसलोय दाजी," दादा म्हणाले. आवाज फुटला त्यांचा. "माज्या आज्यानं माजा नाय धरला. तुमचा धरला. तुमी तर मानत बी नाय."

एडमंडना इंग्रजीत कसंबसं सांगितलं. ते चिखलात दादांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "यांचा कान एकदा पिळून झालाय. विसरणाऱ्या माणसाचा पिळायचा असतो."

मी ते मराठीत सांगितलं. दादा डोळे पुसून म्हणाले, "तुमचा व्याही शाना हाय."

नंतर मी कारणं शोधली, नाही असं नाही. मोजणीतली चूक सापडली — फुटलेला बंधारा नव्याने आत सरकवून बांधलेला, आणि मी मोजत होतो त्याच्यापासून. डॉक्टरांना कान दाखवला. त्यांनी पाळीवरचा नखाचा वण बघितला आणि विचारलं, घरी भांडण झालं का? वण अजून आहे; कारण शोधणं मी सोडलं.

त्या दुपारी टेम्पो बोलावला. हौद्यात गोणपाट अंथरून दगड ठेवला आणि दादा त्याला धरून बसले. टेम्पोबरोबर आलेल्या सुनंदाने विचारलं, "दादा, घराला कुलूप?"

"आत कोन हाय आता," दादा म्हणाले, आणि ड्रायव्हरला चल म्हणाले.