दोन जण अजून बाहेर

गेल्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीतल्या एका शुक्रवारी दुपारी चार वाजून बेचाळीस मिनिटांनी, कोचीच्या धक्क्यावर सोलापूरच्या एका जोडप्याने जहाजावर परत चढायला नकार दिला. जहाज पाचला सुटणार होतं. परतायची शेवटची वेळ साडेचारची होती. जोडप्याची दोन मुलं बेपत्ता होती.

जोडप्यातला नवरा मी.

सोलापुरातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर मी बावीस वर्षं बातम्या तपासतो. नावं, वेळा, आकडे. त्यामुळे पुढचा मजकूर तपासून घेतलेला आहे. जिथं चूक माझी आहे तिथं तसं लिहिलं आहे. (मजकूर त्यामुळेच लांबला.)

जहाजाची कल्पना ईश्वरीची. ती अकरावीत आहे, म्हणजे बारावीच्या आधीची ही शेवटची सुट्टी, असा तिचा मुद्दा होता. मुंबईहून निघायचं, एक दिवस समुद्र, एक दिवस कोची, पुन्हा समुद्र, पुन्हा मुंबई. धाकटा ओंकार नववीत. त्याने आठवडाभर प्रचार केला.

"अप्पा, बोटीवर सगळं असतं ओ. थिएटर, पोहायचा तलाव, चोवीस तास पिझ्झा!"

"पाणी पण असतं," मी म्हणालो. "खाली. चारी बाजूंनी."

मला पोहता येत नाही. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. माणूस बुडेल एवढं पाणी एका ठिकाणी साठलेलं मी लहानपणापासून पाहिलेलं नाही, तर पोहायला शिकणार कुठं? पण सुरेखा, म्हणजे माझी बायको, मुलांच्या बाजूला गेली. ती शाळेत विज्ञान शिकवते आणि पुराव्यानिशी बोलते.

"लग्नाला एकोणीस वर्षं झाली. तुळजापूर आणि महाबळेश्वर सोडून कुठं नेलंय मला? सांगा की."

मी तिकिटं काढली. मुलांनी स्वतंत्र खोली मागितली. मी समोरासमोरच्या दोन खोल्या घेतल्या. ८०१२ आमची, ८०१५ त्यांची. हे आकडे पुढे लागणार आहेत.

आता आमच्या घरातल्या मोजणीबद्दल. आठ वर्षांपूर्वी पुण्याहून येताना आमची बस मोडनिंबला चहाला थांबली होती. बस सुटली. पाच-सहा किलोमीटर गेल्यावर सुरेखाने मला विचारलं, "ओंकार तुमच्याजवळ बसलाय ना?" मी तोच प्रश्न तिला विचारायच्या बेतात होतो. परत गेलो तेव्हा ओंकार हॉटेलच्या गल्ल्यावर बसून भजी खात होता आणि गिऱ्हाइकांना बडीशेप वाटत होता. तो रडला नव्हता. रडलो मी.

त्या दिवसापासून घरात दोन नियम आहेत. पहिला, कुठल्याही वाहनात चढण्याआधी मोजणी होते. मी 'एक' म्हणतो, सुरेखा 'दोन', ईश्वरी 'तीन', ओंकार 'चार'. दुसरा, चौघं पूर्ण झाल्याशिवाय कुणीही पाय उचलायचा नाही. रिक्षा, रेल्वे, लग्नाची गाडी, दवाखान्याची लिफ्ट, सगळीकडे.

मुंबईत जहाजावर चढायच्या पुलापाशी मी "एक!" म्हटलं तेव्हा आमच्यामागे दीडेकशे माणसं उभी होती.

"दोन," सुरेखा म्हणाली.

ईश्वरी फोनमध्ये बघत राहिली.

"चौघं झाल्याशिवाय मी हलणार नाही," मी सांगितलं.

"तीन," ती दात आवळून म्हणाली. "अप्पा, लई लाज वाटते ओ. इथं कुणी स्वतःच्या माणसांना मोजत नाय."

"चार," ओंकार म्हणाला, पण दुसऱ्याच कुटुंबातला असल्यासारखा.

पहिल्या दिवशी आम्हाला जीवरक्षक जाकिटं कशी घालायची ते दाखवलं. मी माझं जाकीट परत द्यायला विसरलो आणि ते घालूनच जेवायला गेलो. (विसरलो, असं मी मुलांना सांगितलं.) सुरेखाने खोलीत ठेवलेला टॉवेलचा हत्ती उलगडला, काठ चिमटीत धरून वीण तपासली आणि माल आपल्या एमआयडीसीतला असावा असा निर्वाळा दिला. मला तेवढाच धीर आला. त्या एवढ्या पाण्यावर ओळखीचं असं तेच एक होतं.

दुसऱ्या दिवशी सहलींच्या काउंटरवर गेलो. कोचीत उतरून काय बघायचं ते आधी ठरवायचं होतं. मुलांना खाडीतली कयाक हवी होती. कयाक म्हणजे दोघांना पाय लांब करून बसता येईल एवढी होडी, ती स्वतःच वल्हवायची.

"बुडते का?" मी विचारलं.

"सहसा नाही, सर," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

'सहसा' हा शब्द मी बातमीतून नेहमी काढतो. इथं काढता आला नाही. मग तिने महत्त्वाची गोष्ट सांगितली. जहाजाच्या सहलीला गेलात आणि उशीर झाला, तर जहाज थांबतं. स्वतःच्या स्वतः फिरायला गेलात, तर थांबत नाही.

मी विचार केला. मुलं जहाजाच्या सहलीला पाठवायची, म्हणजे ती जहाजाच्या जबाबदारीवर. आपण दोघांनी रिक्षा करून फिरायचं. मुलांची सोय झाली या आनंदात, जहाज आपल्यासाठी थांबणार नाही हा वाक्याचा उरलेला अर्धा भाग माझ्याकडून वाचायचा राहिला.

शुक्रवारी सकाळी आठला मुलं सात नंबरच्या बसमधून निघाली. निघताना मी दोघांचेही फोन काढून घेतले.

"अप्पा, फोन कशाला?"

"पाण्यात पडतील."

"आणि आम्ही पडलो तर?"

"तुम्हाला जाकीट आहे. फोनला नाही."

हा निर्णय माझा होता. सुरेखाने विरोध केला होता. नोंद असावी.

आम्ही मासेमारीची मोठी चिनी जाळी पाहिली, चर्च पाहिलं. एका कापडाच्या दुकानात सुरेखाने अकरा चादरी उघडायला लावल्या आणि त्यांत काय कमी आहे ते दुकानदाराला समजावलं. चार वाजून दहा मिनिटांनी धक्क्यावर परत आलो. वेळेआधी वीस मिनिटं! जहाजापुढच्या झाडाखाली कट्ट्यावर बसलो आणि मुलांची वाट बघू लागलो. चौघं झाल्याशिवाय चढायचं नाही, हे ठरलेलंच होतं.

चार वाजून अठरा मिनिटांनी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. मी कापला. पुन्हा आला. पुन्हा कापला. तिसऱ्यांदा उचलून "मला कार्ड नको" एवढं सांगून ठेवून दिला.

चार पंचवीसला सुरेखा उठली. "अहो, सात नंबर आली!"

बसमधून माणसं उतरू लागली. सगळी साठीच्या पुढची. हातात मिरी-वेलदोड्याच्या पुड्या. कपडे कोरडे. शेवटी नाशिकचे एक गृहस्थ उतरले.

"कयाकची मुलं कुठं आहेत?" मी विचारलं.

"कयाक? नाही बुवा. आम्ही मसाल्याच्या बाजाराला गेलो होतो."

"पण बस सात नंबरचीच आहे ना?"

"बस सातच. पण मुलं नाहीत हो. आमच्यात सगळ्यात लहान मी, त्रेसष्टचा."

मी ओंकारच्या फोनवर फोन लावला. माझ्या मांडीवरची पिशवी वाजली. घाबरून ईश्वरीला लावला. पिशवीतून दुसरं गाणं सुरू झालं.

सुरेखाने पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. इथं एक माहिती देणं गरजेचं आहे. सुरेखा अक्कलकोटची. ती चिडली तर मराठीत बोलते. घाबरली तर कन्नडमध्ये.

"मक्कळ एल्ली अदार्री?" ती म्हणाली. मुलं कुठं आहेत?

माझ्या डोक्यात शीर्षक जुळायला लागलं होतं. बावीस वर्षांची खोड, दुसरं काय! 'कोचीच्या खाडीत होडी उलटली. सोलापूरची दोन मुले बेपत्ता.' मग आठवलं, पुष्टी नाही. म्हणून शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं. त्याखाली आपोआप 'पालकांचा हलगर्जीपणा' असं उपशीर्षक आलं. ते मात्र काही केल्या खोडता येईना.

चार बेचाळीसला जहाजाचा एक तरुण अधिकारी हातात टॅब घेऊन आमच्याकडे पळत आला. रत्नागिरीचा निघाला.

"काका, चला आता! पूल काढायचा आहे."

"आम्ही चढणार नाही. आमची दोन मुलं आलेली नाहीत."

"खोली नंबर?"

"८०१२," मी म्हणालो.

त्याच्या पडद्यावर नावं नव्हती. खोल्यांचे आकडे होते आणि त्यांच्यापुढे ठिपके, आत आलेल्यांचे हिरवे, न आलेल्यांचे लाल. त्याने बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा बदलला.

"बरोबर आहे, काका. ८०१२ मधले दोन जण अजून बाहेर आहेत."

पुष्टी झाली होती. जबाबदार अधिकाऱ्याकडून. मी म्हटलं दोन, त्याने म्हटलं दोन. आकडा जुळला. मी कट्ट्याची कड घट्ट धरली, कारण जमीन जहाजासारखी हलत होती.

अधिकाऱ्याने वॉकीटॉकीवर सहलींच्या काउंटरला विचारलं. उत्तर आम्हालाही ऐकू आलं. "कयाक सकाळीच रद्द झाली. वारा होता. सगळ्यांना दहा वाजता परत आणून सोडलं."

"कुठं सोडलं?" मी ओरडलो.

"इथंच. धक्क्यावर."

म्हणजे पावणेसात तास! अनोळखी शहर, फोन नाहीत, आणि आम्ही त्या वेळी चादरी बघत होतो. सुरेखा आता सलग कन्नडमध्ये बोलत होती. मला त्यातला 'देवरे', म्हणजे देवा, एवढा एकच शब्द पकडता येत होता आणि तो दर ओळीत येत होता. अधिकारी घड्याळ बघत म्हणाला, "काका, एकाने तरी वर या. दुसऱ्याने पोलिसांत—"

"कुणीही चढणार नाही," मी म्हणालो. मोडनिंबला निदान एकच मूल होतं. आणि भजीचा वास होता, त्या वासाच्या दिशेने पळता तरी आलं होतं.

मग मी जे केलं ते का केलं, ते सांगता येणार नाही. मी कट्ट्यावर चढलो, शहराकडे तोंड केलं आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडलो, "एऽऽक!"

दोन हमाल थांबले. टॅक्सीवाल्यांनी काचा खाली केल्या.

"दोऽऽन!" सुरेखा ओरडली. आवाज फाटला होता.

मी शहराकडे कान लावून उभा राहिलो. काही नाही. एक टॅक्सी सुरू झाली. कावळा ओरडला. मी डोळे मिटले.

"तीऽऽन!"

आवाज पाठीमागून आला. वरून.

"चाऽऽर! अप्पा, वर बघा की! वर!"

आम्ही वळलो. जहाजाच्या दहाव्या मजल्याच्या कठड्यावर ईश्वरी दोन्ही हात हलवत होती. शेजारी ओंकार होता. त्याच्या हातात पिझ्झा होता. त्यांच्या दोन्ही बाजूंना, कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रवाशांची रांग लागलेली होती आणि ते सगळे आमच्याकडे बघत होते.

अधिकाऱ्याने टॅबकडे पाहिलं. मग वर पाहिलं. मग आमच्याकडे.

"काका," तो हळूच म्हणाला, "८०१२ ही तुमची स्वतःची खोली का?"

गेली बावीस वर्षं मी नव्या उपसंपादकांना एकच गोष्ट शिकवत आलो आहे. माणसं हरवल्याची बातमी आली, की संख्या नंतर. आधी नावं विचारा. मी नावं विचारली नव्हती. न आलेले दोन जण म्हणजे मी आणि सुरेखा होतो.

"चला!" सुरेखा म्हणाली. मराठीत. म्हणजे भीती संपली होती आणि दुसरं काही सुरू झालं होतं.

चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी आम्ही पूल ओलांडला. दारात आमची खोलीची कार्डं यंत्रावर दोनदा वाजली आणि पडद्यावरचे दोन लाल ठिपके हिरवे झाले. दार ओलांडताच सुरेखाने दोन्ही मुलांना इतकं घट्ट धरलं की पिझ्झा तिच्या पदराला लागला.

"आम्ही दहापासून बोटीवरच आहोत," ईश्वरीने सांगितलं. "सव्वाचारला तुम्ही झाडाखाली दिसलात. किती हात केले! रिसेप्शनवरून तीनदा फोन केला. तुम्ही म्हणालात, मला कार्ड नको."

"मग खाली का नाही आलात?" मी बसलेल्या घशाने विचारलं.

"नियम आहे ना," ओंकार म्हणाला. "चौघं झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही. आम्ही दोघंच होतो."

जहाज पाच वाजता, ठरल्या वेळेला सुटलं. चौघंही जहाजावर होते. मुंबईत उतरताना मोजणी ओंकारने घेतली. आता घरात तोच घेतो. माझा नंबर चार आहे.