कागदावरची खाली

उंचीची भीती मला तेव्हाही होती, आजही आहे. तरी दर रविवारी सातिवलीच्या एका रिकाम्या गोदामात मी टेबलावर चढायची. आमचा नाच, तो बसवणाऱ्या मॅडमच्या भाषेत, कंटेम्पररी होता; माझ्या आईच्या भाषेत अंगात आल्यासारखा.

संगीत होतं, पण कागदावर. चर्चच्या कॉयरचे मास्तर ते लिहून देत: पाच रेघा आणि त्यांवर काळे ठिपके. त्यांचे व्हायोलिनवाले थेट कार्यक्रमालाच येणार होते. कॅसेट मागितली की मास्तर म्हणायचे, "कागद वाचा ना, त्यात सगळं हाय." मग ठिपके वर चढले की हात वर, ठिपके एकमेकांना चिकटले की भरभर पावलं, असं करत मॅडम एकेक ओळ आमच्या अंगात बसवत.

शेवटच्या ओळीत रेघेला लटकलेली एक छोटी काळी पट्टी होती. तिथे सगळी वाद्यं गप्प होणार. त्या शांततेत मी टेबलावरून पाठमोरी कोसळायचं आणि मागे उभ्या जोडीदारानं मला झेलायचं. सरावात मॅडम "झेल!" म्हणून ओरडायच्या. एका रविवारी म्हणाल्या, आता ओरडणार नाही, कागदाप्रमाणे चाला.

मॅडम मूळच्या कथकवाल्या. तालातली रिकामी जागा म्हणजे खाली, म्हणून त्यांनी सगळ्यांच्या कागदांवर त्या चिन्हाजवळ लिहिलं, 'खाली'. मी लहानपणी कथक शिकलेली, मला कळलं. जोडीदार गास गावचा, घरची फुलांची वाडी, नाच शाळेच्या गॅदरिंगमध्ये शिकलेला. तबल्याशी त्याचा काय संबंध?

मॅडमनी तोंडानं ओळ गायली. थांबल्या. मी अंग सोडलं आणि मागे कुणीच नव्हतं.

"खाली लिवलंय ना," तो पांढराफटक पडून सांगत होता, "म्हनून मी खाली बसलो."

माझं कोपर कोब्यावर फुटलं होतं. टाके पडले. डोकं आपटलं असतं तर, हा विचार काही केल्या जाईना. नंतर टेबलावर चढले की पाय लटलटायचे. मागचा जोडीदार दिसत नाही, आणि शांततेत ऐकू तरी काय येणार? आई म्हणाली, सोड तो नाच. मी सोडला नाही, पण त्यात शौर्य कसलं, निव्वळ हट्ट.

कार्यक्रमाच्या आधी मी जोडीदाराला बाजूला घेतलं. "गप्प जागा आली की काहीतरी बोल. मागे आहेस एवढं कळू दे."

हॉल भरला होता. व्हायोलिनं चढत गेली आणि एकदम थांबली. मागून काहीच आलं नाही. हा परत बसला की काय?

"मी हाय," तो पुटपुटला.

त्याचा आवाज माझ्या पायांपेक्षा जास्त कापत होता. इतके दिवस मागे उभा राहून तोही घाबरतच होता, हे मला तेव्हा कळलं. मी अंग सोडलं.