सातऱ्याकडची खिडकी

वामन गेल्याचा फोन आला तेव्हा मी पारशिवनी रस्त्यावरच्या माझ्या सातऱ्यावर तेलंगणातल्या एका मिरची व्यापाऱ्याशी भाव करत होतो. सातरा म्हणजे मोकळं पटांगण. तिथे बाया ओळीने बसून वाळल्या मिरचीचे देठ खुडतात. वहिनी, म्हणजे वामनची बायको, एवढंच म्हणाली, "भाऊजी, हे गेले..." मी फोन खिशात ठेवला आणि व्यापाऱ्याने सांगितलेला भाव होता तसा मान्य केला. तो संशयाने माझ्याकडे पाहत राहिला. मला ओळखणाऱ्या कुणालाही संशय आला असता. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. वामनवरचा माझा राग मात्र उतरलेला नाही.

आम्ही पारशिवनीजवळच्या एकाच गावचे. तो शिकत गेला आणि नागपुरात भूगोलाचा मास्तर झाला. मी शाळा सोडून मिरची बाजारात पोती उचलू लागलो. सुटीच्या दिवशी तो बाजारात येऊन माझ्याजवळ उभा राहायचा. एकदा म्हणाला, "मिरची तेलंगणातली, खाणारा आखातातला. मंग हे पोतं नागपुरात काहून उतरते, सांग." मी म्हटलं, "मले उतरवाचे पैसे भेटते म्हणून." तो हसला. "हातांसाठी गा, गजू. देठ खुडणारे हात जिथं, तिथं मिरची येते. तू दुसऱ्याची पोती काहून उचलून राहिला? हातांजवळ जागा पाह्य." त्यानेच मला सायकलवर नेऊन नागपूरबाहेरचं बेसा गाव दाखवलं. तेव्हा तिथे शेतं होती, आणि हंगाम सरला की आजूबाजूच्या वस्त्यांतल्या बायांना काम नसायचं. जमिनीच्या मालकाला रडकुंडीला आणून मी ती जागा घेतली. माझा पहिला सातरा तिथे उभा राहिला. पुढे वामनला घर बांधायचं झालं, तेव्हा सातऱ्यासमोरचा प्लॉट मीच घासाघीस करून त्याला मिळवून दिला.

मग शहर आलं. आधी दोन-चार घरं, मग कॉलन्या, मग गच्च्यांवर गच्च्या. वारा फिरला की मिरचीचा ठसका लोकांच्या स्वयंपाकघरात शिरायचा. तक्रारी झाल्या, ग्रामपंचायतीत सभा बोलावली गेली. मी निर्धास्त होतो, कारण वामनसरांचा शब्द तिथे कुणी खाली पडू देत नसे. तो उठला आणि म्हणाला, "सातरा इथे यावा, हे मीच सांगितलं होतं. आता तो इथून जावा, हेही मीच सांगतो. लेकरं खोकतात. पण बायांची रोजी बुडता कामा नये. त्यांना नेण्या-आणण्याची गाडी सातरेवाला लावेल." जागा माझी, गाडी माझी, आणि सौदा याने परस्पर करून टाकला! बाहेर मी त्याची कॉलर धरली. "आधी घरी येऊन सांगता नोतं येत?" तो शांतपणे म्हणाला, "सांगितलं असतं तर तू मले पटवलं असतं."

सातरा मी पारशिवनी रस्त्यावर हलवला, आणि त्या दिवसापासून त्याच्या घराची पायरी चढलो नाही. पण तो यायचा. बायांची गाडी रोज सकाळी त्याच्याच फाटकासमोरून सुटे; मधूनच कधीतरी तो तिच्यात चढून नव्या सातऱ्यावर हजर होई. दम्याचा माणूस, नाकाला रुमाल बांधून लिंबाखाली खुर्ची टाकायचा आणि नव्या बाईला विचारायचा, "गाव कोणतं वं तुह्यं? कितीक दूर पडते?" मी चहा पाठवायचो, बोलायचो नाही. तुळसाबाई, माझी सगळ्यात जुनी मजूर, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "शेठ, चहा पाठवता, तोंड काहून नाही पाठवत?" एकदा न राहवून मी त्याच्यापुढे उभा राहिलो. "एक शब्द म्हण. चुकलो म्हण. सारं सोडून देतो." त्याने रुमाल खाली घेतला. "मी चुकलो नाही गा. भाव फिक्स आहे." आणि खोकत हसत राहिला...

जन्मभर मी प्रत्येकाला भावात थोडंतरी खाली आणलं आहे. याला नाही आणू शकलो. खरं सांगायचं तर बेसातले ते सरावलेले हात गाडीने आले नसते, तर नवा सातरा पहिल्याच हंगामात बसला असता. ते मला कळतं. पण फायदा वेगळा आणि विचारणं वेगळं.

दुखवट्याला आलेली माणसं पांगल्यावर मी वहिनीला भेटायला गेलो. तिने मला त्याच्या खोलीत बसवलं. कॉट, नकाशे, आणि सातऱ्याच्या बाजूची खिडकी, कडी लावलेली. मी म्हटलं, "आता कशाचा ठसका? उघडायची ना." ती म्हणाली, "मी उघडली होती. सातरा होता तवा ठसक्यापायी बंद राहे, तरी सकाळी फट करून पाहत, तुम्ही कोणावर ओरडून राहिले ते. सातरा गेला तशी मी सताड उघडली, तर यांनीच लावून घेतली. मी म्हटलं, आता काहून? तर म्हणे, पाहू काय? गजू तर दिसत नाही."

 मी उठून कडी ओढली. गंजली होती, जोर लावावा लागला. समोर मोठी इमारत, गॅलऱ्यांत वाळणारे कपडे. याला त्याचं 'चुकलो' धरावं का? सौद्यात न बोललेला शब्द मी कधी धरत नाही, आणि हाही धरलेला नाही. खिडकी मात्र तशीच उघडी ठेवून आलो.

गाडी अजून त्याच्याच फाटकासमोर थांबते. परवा मी मुद्दाम तिच्याबरोबर गेलो. खिडकी उघडी होती. बाया चढेपर्यंत मी रस्त्यावर उभा राहून ड्रायव्हरवर उगाच ओरडत होतो.