पळसदेवची चिलापी आणि आमचे हे

निवृत्त झाल्यावर माझ्या मैत्रिणी भजनी मंडळात गेल्या, मी गळ विकत आणला. दर रविवारी बारामतीहून गाडी काढायची, पळसदेवला उजनी धरणाच्या काठावर कणकेच्या गोळ्या लावून बसायचं आणि हात हलवत घरी यायचं. असे सात रविवार गेले. तरी सोमवारपासून पुढच्या रविवारचे वेध.

आमचे हे रसायनशास्त्राचे मास्तर. शहरांची घाण उजनीत कशी उतरते याची कात्रणं ते मला पोह्यांबरोबर वाढायचे. "धर हवे तेवढे, पण घरात शिजवायचे नाहीत," हा त्यांचा शेवटचा शब्द. मीही हो म्हणायचे. मासाच लागत नव्हता, तर भांडायचं कशावरून?

आठव्या रविवारी दोरा ताणला, दांडी वाकली आणि मी चिखलात फतकल मारून बसले. हातात वीतभर चिलापी, साडीची पार वाट लागलेली, आणि हसू काही आवरेना. शेजारी जाळं सोडवत बसलेले म्हातारे तात्याही हसायला लागले.

"तात्या, ही खाल्ली तर चालेल ना?"

"आमी जन्मापास्नं खातोय. आन् हितली भेंडी तुमच्या मंडईत जाती, तिला कुठलं पाणी हाय? ती बरी खाता!"

मी चिलापी डब्यात घातली आणि गाडीकडे निघाले. ह्यांची कात्रणं खोटी आहेत असं मला कधीच वाटलं नाही. पण बाजारातला मासा पिशवीत गुपचूप येतो. हिनं पलीकडून मला ओढलं होतं. ती ह्यांनी माझ्याबरोबर खावी, एवढंच मला हवं होतं.

घरी ह्यांनी चिलापीकडे पाहिलं, मग माझ्या साडीकडे.

"तू धरलीस?"

"मग काय, चालत आली?"

ते उठून सिंककडे गेले. बाह्या सरसावल्या आणि फिल्टरच्या पाण्यानं मासा धुवायला लागले. एकदा, दोनदा, पाचदा. "आता साबण तेवढा राहिलाय," मी म्हटलं. कांदा-लसूण मसाला लावून, रव्यात घोळवून तुकडे तव्यावर टाकले तेव्हा मी गुणगुणत होते.

ह्यांनी सगळे तुकडे स्वतःच्या ताटात ओढले. "आधी मी खातो. तू अर्धा तास थांब. काही झालंच तर दवाखान्यात न्यायला गाडी तुलाच येते."

मी खो खो हसले. ते हसले नाहीत. काटा काढून त्यांनी पहिला घास तोंडात घातला आणि माझं हसू जागीच थांबलं. या माणसाला ते मनापासून विष वाटत होतं, आणि मी धरलं म्हणून तो ते खात होता.

मी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ त्यांच्या ताटात हात घातला.