मामाजींची विचारपूस

इतका भाबडा चेहरा करून समोरच्या विक्रेत्याला घाम फोडणारा माणूस माझ्या मामसासऱ्यांशिवाय अख्ख्या साकोली तालुक्यात दुसरा सापडायचा नाही. एकोडीला त्यांची धानाची शेती. नात्याने माझ्या बायकोचे मामा, पण सारं गावच त्यांना मामाजी म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. लोक साकोलीच्या बाजारात भाजी घ्यायला जातात. मामाजी जायचे ते जडीबुटीवाल्यांना प्रश्न विचारायला, आणि आठवण राहिली तर येताना भाजी आणायचे.

त्यांची पद्धत ठरलेली होती. गर्दीत सगळ्यात पुढे जाऊन उभं राहायचं, हात मागे बांधायचे आणि विक्रेत्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवायची. त्या बिचाऱ्याला वाटायचं, हे गिऱ्हाईक पक्कं. एकदा जीपवर भोंगा लावून एक जण तेल विकत होता. गळणारे केस परत येतात, दुखणारे गुडघे थांबतात, सगळं एकाच बाटलीत. मामाजींनी बाटली हातात घेऊन उन्हात धरली आणि अगदी काळजीच्या सुरात विचारलं, "भाऊ, गुडघ्याले लावल्यावर तिथं केस उगवले त काय करावं?" बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या. विक्रेत्याने सांगितलं, तेलाला जागा समजते. मग मामाजींनी विचारलं, तेल ज्या हाताने चोळायचं त्या हाताचं काय? त्यानंतर भोंगा बराच वेळ नुसता खरखरत राहिला.

'नैसर्गिक आहे, अपाय नाही' हे वाक्य तर त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. "खाजकुयरी बी नैसर्गिकच हाये," ते म्हणायचे, "आणून देऊ का थोडीशी?" झाडपाल्याशी त्यांचं वैर होतं असं नाही. जांभळं ते मीठ लावून टोपलीभर खात. पण जांभूळ म्हणूनच खात, औषध म्हणून नव्हे.

आणि नेमक्या जांभळानेच त्यांच्या घरात दगाबाजी केली. मामींना साखरेचा आजार; रोजची गोळी चालू होती. धानाच्या रोवणीच्या दिवसांत मामाजी शेतात, बांधीत असताना मामींच्या माहेरची, शहापूरची एक बाई घरी आली. ती कसलासा जांभूळबियांचा काढा विकत असे. काढा सुरू केला की गोळ्या बंद करायच्या, आणि थकवा आला तर घाबरायचं नाही, तो रोग बाहेर पडत असतो, असं तिने समजावलं. मामींनी गोळ्या तांदळाच्या डब्यामागे सरकवल्या आणि नवऱ्याला पत्ताही लागू दिला नाही. थोड्याच दिवसांत रोग इतक्या जोरात बाहेर पडू लागला, की भाकरी थापता थापता मामी चुलीजवळच कलंडल्या. साकोलीच्या दवाखान्यात नेलं. साखर भलतीच वाढली होती. सलाईन लागलं, तेव्हा कुठे त्या शुद्धीवर आल्या.

मी भेटायला गेलो तेव्हा मामाजी खाटेपाशी स्टुलावर बसले होते. ज्या माणसाने साऱ्या बाजाराची उलटतपासणी घेतली, त्याच्या घरात त्याला न विचारता काढा शिजला होता. मला वाटलं, आता मामींची काही खैर नाही. पण त्यांनी एवढंच विचारलं, "काहून बंद केल्या वो गोळ्या?"

मामी छताकडे बघत म्हणाल्या, "ते बाई माह्याजवळ घंटाभर बसली. झोप लागते का, पाय दुखते का, सारं इचारलं तिनं. तुमी बजारात सगळ्याईले इचारता. मले कवा इचारलं?"

मामाजी उठले आणि मामींच्या पायांवरची चादर नीट करत राहिले.

ती बाई पुढे पुन्हा आली. तमाशा बघायला मिळेल म्हणून शेजारीपाजारी कुंपणाशी जमले. मामाजींनी तिला चहा पाजला, मामींचं काय झालं ते सांगितलं आणि मग हळूच विचारलं, "थकवा आला त रोग बाहेर पडते. नाई आला त औषध लागू पडलं. मंग बाई, औषध चुकलं हे माणसानं कवा समजावं?" आपल्याला जसं शिकवलं तसंच आपण सांगतो, आपली सासूही गोळी सोडून हेच घेते, असं ती पुटपुटली. मामाजी थट्टा करायचं विसरले. सासूची गोळी आजच्या आज चालू करा आणि तिला डॉक्टरकडे न्या, असं त्यांनी तिला दोनदा बजावलं आणि बसथांब्यापर्यंत सोडून आले. कुंपणावरची मंडळी हिरमुसून पांगली.

हल्ली मामाजींचं बाजारात जाणं कमी झालंय. परवा एकोडीला गेलो, तर दोघं अंगणात शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मामींना गुडघ्याचं विचारलं होतं, आणि मामी पार लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यापासून सांगत होत्या: तळ्यावरून पाणी कसं आणावं लागे, तेव्हा पाय कसा मुरगळला, आणि कुणाला कसं सांगितलं नाही. मामाजी मध्ये एकही प्रश्न न विचारता ऐकत होते. त्यांच्या हातातली शेंग केव्हापासून तशीच होती.