एकाच साच्यातले सैतान

ओरुरो या खाणींच्या गावात देवीच्या कार्निव्हलला लोक सैतान होऊन नाचत; त्यांचे मुखवटे कासिमिरा कोल्केच्या बापाने जन्मभर हाताने घडवले. प्रत्येक मुखवटा वेगळा; कुणाचा सैतान कुठला, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगायचं. पण ते मुखवटे फक्त व्यापाऱ्यांनाच परवडत. बाप गेल्यावर एलिओदोरो नावाच्या कारखानदाराने त्याच्या एका मुखवट्यावरून साचा पाडला, फायबरचे मुखवटे ढिगाने काढले, आणि बाजारातले हमालही सैतान होऊन नाचू लागले. ते रंगवायचं काम कासिमिराकडे आलं.

तिचा नवरा सेवेरोही त्यातलाच एक मुखवटा घालून नाचायचा. खाणीतल्या धुळीने त्याची छाती पोखरली होती. डॉक्टरांनी नाच बंद करायला सांगितलं होतं.

"देवीला तीन वर्षांचा नवस बोललोय. शेवटचं वर्ष बुडवू?"

"नवस फेडता फेडता मला विधवा करशील!"

तो ऐकणार थोडाच!

कार्निव्हलच्या शनिवारी दुपारी देवळाकडे जाणारी मिरवणूक सुरू झाली. कासिमिरा रस्त्याकडेला बसली होती. तेवढ्यात कुणीतरी ओरडत आलं, "सैतानांतला एक पडलाय, पुढच्या चौकात! रक्त येतंय!"

ती उठली आणि थेट नाचणाऱ्यांत घुसली. शे-दोनशे सैतान. तिनेच रंगवलेले बटबटीत पिवळे डोळे, सगळे एकाच नजरेने तिच्याकडे रोखलेले. "सेवेरो! सेवेरो!" बँडच्या दणक्यात तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. नवऱ्याची चाल तिने झोपेतही ओळखली असती, पण झगे आणि बूट घालून सगळे सारखेच उड्या मारत होते. तिने एकाचा मुखवटा वर सारला. आत परक्याच मिशा.

"ओ मावशी, वेड लागलं का? देवीच्या वाटेवर तोंड उघडं पाडता?"

"नवरा शोधतेय रे!"

"एवढा संसार करून नवरा ओळखता येईना होय?" बाजूचे सैतान हसले.

ती धावतच चौकात पोचली. पडलेल्याच्या तोंडावर मुखवटा तसाच होता. लोक लांब उभे होते, हात लावायला कुणी धजत नव्हतं. हनुवटीखालून लाल ओघळ आला होता. रंग कुठला नि रक्त कुठलं, तिला कळेना. तिने मुखवटा काढला. कुणीतरी तरणा गडी होता, नाक फुटलेला.

"सुटले गं बाई!" तिच्या तोंडून निघून गेलं. त्याने ते ऐकलं. ती ओशाळली, शालीने त्याचं तोंड पुसू लागली. पण मग सेवेरो कुठे होता?

ती देवळाच्या दारात जाऊन उभी राहिली. तिथे मुखवटे काढून सगळे गुडघ्यांवर आत सरकत होते. एकेक चेहरा येत होता, जात होता. रांग संपत आली तेव्हा ओठ काळेनिळे पडलेला, धापा टाकणारा सेवेरो दिसला. ती रांगेत घुसून त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसली.

"काय गं, भूत बघितल्यासारखी?"

तिने त्याच्या हातातला मुखवटा काढून घेतला.

नवस फिटला, तरी पुढच्या वर्षी त्याचे पाय घरात ठरेनात. मग गर्दीत तो ओळखू यावा म्हणून तिने त्याच्या मुखवट्याच्या कपाळावर हिरवा सरडा रंगवला. एलिओदोरोने तो बघितला आणि खूश झाला. "झकास! गिऱ्हाइकं तुटून पडतील." महिन्याभरात सगळ्याच सैतानांच्या कपाळावर सरडा आला, आणि तो रंगवायलाही कासिमिराच बसली.

त्या वर्षी मिरवणुकीच्या शनिवारी सेवेरोच्या झग्याचं टोक मुठीत घट्ट धरून ती देवळापर्यंत त्याच्यासोबत चालत गेली. बघणारे हसत होते. तिने मूठ सोडली नाही.